नव्याचा सण आणि ‘शाना तोवा’ची कुळकथा

यहुदी पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या १ आणि २ तारखेला रोश हशाना, म्हणजे वर्षारंभाचा सण येतो. त्या दिवशी जगभरचे यहुदी एकमेकांना ‘शाना तोवा’ म्हणतात. हिब्रूत याचा अर्थ ‘चांगले वर्ष’ एवढाच. कोकणच्या बेने इस्रायली या यहुदी समाजात या सणाला जुने मराठी नाव आहे, नव्याचा सण. महाराष्ट्रात सण आणि त्याची शुभेच्छा या दोन गोष्टी एका वाटेने आल्या नाहीत, आणि एका काळीही आल्या नाहीत. सण फार आधीपासून कोकणात रुजलेला होता. हिब्रू शुभेच्छा मागाहून आली, ती शिक्षकांच्या तोंडून आणि छापील प्रार्थनापुस्तकांतून.

सणाचे मूळ तोरात, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांत, आहे, पण तिथे त्याला रोश हशाना हे नाव नाही. लेवीय या ग्रंथाच्या २३व्या अध्यायात सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी शिंग फुंकून स्मरण करावे, काम बंद ठेवावे, एवढीच आज्ञा आहे. तोराच्या गणतीत पहिला महिना वसंतातला निसान. मग सातव्या महिन्यात नवे वर्ष कसे, याचा उलगडा इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या धर्मनियमांच्या संग्रहात होतो. त्यातल्या ‘रोश हशाना’ या प्रकरणाची सुरुवातच वर्षारंभ चार असल्याचे सांगून होते. राजांच्या कारकिर्दी आणि सणांचा क्रम निसानपासून मोजायचा, गुरांचा दशमांश एलूलपासून, सालांची गणती तिश्रीपासून आणि झाडांचे वर्ष शेवातपासून. मराठी वाचकाला यात चमत्कारिक वाटण्याचे कारण नाही. गुढीपाडव्याला नवे शकवर्ष सुरू होते आणि व्यापाऱ्याची चोपडी दिवाळीच्या पाडव्याला उघडते, हे इथेही एकाच घरात सुखाने चालते.

शुभेच्छेचे बीज तालमुदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चाग्रंथात, आहे. वर्षारंभी स्वर्गात तीन वह्या उघडल्या जातात, असे तिथे सांगितले आहे. पूर्ण सज्जनांची नावे त्याच दिवशी जीवनाच्या वहीत लिहिली जातात आणि पूर्ण दुर्जनांची मृत्यूच्या. मधल्यांचा, म्हणजे बहुतेक सगळ्यांचाच, निकाल दहा दिवस लांबतो आणि १० तिश्रीला, योम किप्पुरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, त्यावर शिक्का बसतो. पूर्ण रूपातली शुभेच्छा यावरूनच बनली आहे : ‘लशाना तोवा तिकातेव वतेहातेम’, चांगल्या वर्षासाठी तुझे नाव लिहिले जावो आणि त्यावर मोहोर उमटो. स्त्रीला म्हणताना ‘तिकातेवी’ आणि अनेकांना म्हणताना ‘तिकातेवू’ असा क्रियापदाचा फेर होतो. आजची दोन शब्दांची शुभेच्छा हे याच वाक्याचे बोलण्यात झिजून उरलेले रूप.

तालमुदात कल्पना आहे, शुभेच्छेची रीत नाही. ती रीत मध्ययुगीन जर्मनीतल्या ग्रंथांत ठळक होते. १४२७ साली वारलेले राब्बी याकोव मोएलिन, ‘महारिल’ या नावाने ओळखले जाणारे, यांच्या चालीरीतींच्या संग्रहात एलूल महिन्यापासून पत्रात चांगल्या वर्षाची इच्छा लिहिण्याचा उल्लेख येतो. सोळाव्या शतकात पोलंडमधल्या राब्बी मोशे इसरलिस यांनी आपल्या धर्मशास्त्रीय टिपणांत ती तोंडी शुभेच्छा म्हणून नोंदवली आणि तिला कायदेशीर वजन आले. पुढे टीकाकारांनी तिच्यात बारकावे काढले. पहिली रात्र उलटल्यावर ‘तुझे नाव लिहिले जावो’ म्हणणे म्हणजे समोरचा माणूस सज्जनांच्या वहीत अजून चढलेला नाही असे सुचवणे, म्हणून अनेक ठिकाणी ही शुभेच्छा पहिल्या रात्रीपुरतीच म्हणतात. त्यानंतर योम किप्पुरपर्यंत ‘गमार हतिमा तोवा’, शेवटची मोहोर चांगली उमटो, असे म्हटले जाते. शुभेच्छा देतानाही कुणाचा पाणउतारा होऊ नये याची इतकी काळजी क्वचितच कुठे घेतलेली दिसते.

स्पेन, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या सफार्दी परंपरेत वेगळे वाक्य रुळले : ‘तिज्कू लशानिम रब्बोत’, पुष्कळ वर्षे तुमच्या वाट्याला येवोत. त्याला ‘नेईमोत वतोवोत’, सुखाची आणि चांगली, असा जबाब देतात. इतर सणांना सर्रास वापरला जाणारा ‘हाग सामेयाह’, म्हणजे आनंदाचा सण, हा शब्दप्रयोग रोश हशानाला काटेकोर लोक टाळतात, कारण हा दिवस न्यायाचा मानला जातो. बेने इस्रायली समाजाने प्रार्थनेची पद्धत सफार्दी घेतली, पण आज त्यांच्यात सर्वांत जास्त ऐकू येते ती ‘शाना तोवा’च.

कोकणातल्या या समाजाची स्वतःची आठवण अशी, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागच्या उत्तरेला नवगावजवळ फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांचा वंश किनाऱ्यालगतच्या गावांत पसरला. गावांवरून त्यांची आडनावे पडली : किहीमचे केहीमकर, राजपुरीचे राजपूरकर, दिव्याचे दिवेकर. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. गलबत फुटण्याचा काळ कोणता, यावर अनेक मते आहेत; काही तो दोन हजार वर्षांहून मागे नेतात. हनुका हा सण त्यांना ठाऊक नव्हता, तेव्हा इ.स.पू. दुसऱ्या शतकात तो सुरू होण्याआधीच पूर्वजांनी मायभूमी सोडली असणार, असा युक्तिवाद समाजातल्या लेखकांनी केला. तो चतुर आहे, पण पुरावा म्हणून लंगडा आहे. पुस्तके आणि पुरोहित हरवलेल्या समाजाला एखादा सण कधीच माहीत नव्हता की विसरला, हे उरलेल्या सणांवरून ठरत नाही.

पुस्तके हरवली होती हे मात्र पक्के. बाराव्या शतकाच्या अखेरीस यहुदी तत्त्वज्ञ मैमोनिदिस यांनी फ्रान्समधल्या लुनेलच्या पंडितांना लिहिलेल्या पत्रात भारतातल्या यहुद्यांविषयी म्हटले आहे, की त्यांना तोराचे ज्ञान नाही, ते शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळतात आणि सुंता करतात. ते लोक कोकणचेच होते असे त्यात सांगितलेले नाही. १७३८ साली सार्टोरियस या मिशनऱ्याने पाठवलेल्या वृत्तांतात बेने इस्रायल हे नाव येते, आणि त्यांना प्रार्थनेतले फक्त ‘शेमा’, म्हणजे देव एकच असल्याची कबुली देणारे वचन, माहीत असल्याचे म्हटले आहे. १७६८ साली कोचीनचे व्यापारी येहेज्केल राहाबी यांनी हॉलंडला लिहिलेल्या पत्रातही हेच : तेल गाळणारे, काही शिपाईगिरी करणारे, शब्बाथ पाळणारे आणि ‘शेमा’पलीकडे फारसे न जाणणारे लोक. सुंता असो, लग्न असो, नवस असो, ऊद जाळायचा आणि ‘शेमा इस्राएल’ म्हणायचे, एवढ्यावर सगळे विधी पार पडत. अशा समाजात ‘तिकातेव वतेहातेम’सारखे वळणदार हिब्रू वाक्य टिकणे शक्यच नव्हते.

तरीही सण टिकले, आणि ते मराठी नावांनी टिकले. पुरीमला होळीचा सण म्हणत. पेसहला, म्हणजे वल्हांडणाला, अनशी ढाकायचा सण म्हणत, कारण आंबवलेल्या आंबट रसाचे भांडे त्या आठ दिवसांत झाकून ठेवीत. मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनी, ९ आव या तारखेला, मोड आलेल्या वालांचे बिरडे होई, म्हणून तो बिरड्याचा सण. योम किप्पुर म्हणजे दारफळणीचा सण, दारे लावून घेण्याचा. एलूल महिन्यातल्या उपवासांना शेजारच्या मुसलमानांकडून घेतलेले रमजान हे नाव होते. ही सगळी माहिती मुख्यतः हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्यामुळे हाती आहे. त्यांनी समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून काढला. तो तेल अवीवमध्ये छापला गेला १९३७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. या नावांचे थर पाडून, मराठी नावांचे सण जुने आणि रोजा, रमजान अशा फारसी-अरबी नावांचे उपवास नंतरचे, असा काळाचा अंदाज बांधता येतो.

लिखित पंचांगावाचून १ तिश्री कशी कळत असे? याचे उत्तर चंद्रात असावे. यहुदी पंचांग चांद्र-सौर आहे. महिना अमावस्येनंतर सुरू होतो आणि ऋतू सांभाळण्यासाठी १९ वर्षांत सात वेळा अधिक महिना घालतात. महाराष्ट्रातल्या अमान्त पंचांगातही महिना अमावस्येनंतरच उघडतो आणि अधिक मासाचे प्रमाण जवळपास तेवढेच पडते. त्यामुळे तिश्री बहुधा आश्विनाच्या जोडीने चालतो, १ तिश्री घटस्थापनेच्या आगेमागे येते आणि १० तिश्री दसऱ्याच्या. २०२४ साली रोश हशानाचा पहिला दिवस आणि घटस्थापना दोन्ही ३ ऑक्टोबरला होत्या, योम किप्पुर आणि दसरा दोन्ही १२ ऑक्टोबरला. म्हणजे जालना एमआयडीसीतल्या पोलादाच्या कारखान्यांत यंत्रांना झेंडूच्या माळा चढल्या त्या दिवशी ठाण्याच्या आणि अलिबागच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळांत, पंचवीस तासांचा कडक उपवास चालू होता. काही वर्षी अधिक मास वेगळ्या वेळी पडल्याने ही जोडी एक महिना सरकते. २०२३ साली अधिक श्रावण होता, तेव्हा रोश हशाना १६ सप्टेंबरला, गणेशचतुर्थीच्या तीन दिवस आधी आला. एकदोन दिवसांची तफावत आणखी एका नियमामुळे येते : रोश हशानाचा पहिला दिवस रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येऊ द्यायचा नाही. योम किप्पुर शब्बाथला लागून येऊ नये, ही त्यामागची एक सोय. हे गणित शिकवायला कोणी नव्हते त्या काळात गावच्या भटजीच्या तिथीवरून आणि चंद्रकोरीवरून सणाचा दिवस धरणे कोकणात अवघड नव्हते. फाल्गुनी पौर्णिमेच्या होळीचे नाव पुरीमला मिळाले तेही याच जुळणीतून.

नव्याचा सण पूर्वी एकच दिवस पाळत. दोन दिवसांची शास्त्रोक्त रीत नंतर आली. त्याच महिन्यात खिरीचा सण येई. नव्या तांदळाची, नारळाच्या रसातली गोड खीर करून, ऊद जाळून, ‘शेमा’ म्हणून ती खात. आश्विनात कोकणातली हळवी भाते कापणीला येतात आणि हिंदू घरांतही नवान्न होते, पौर्णिमेला ‘नव्याची’ म्हणतात, दाराला भाताच्या लोंब्या बांधतात. नव्याचा सण या नावात नवे वर्ष आहेच, पण नव्या धान्याची छायाही त्यावर पडली असावी. तोराच्या हिशेबातही तिश्री हा सुगीचा महिना आहे आणि त्याच्या पंधरवड्यावर सुक्कोत, मांडवांचा आणि पीक साठवण्याचा सण येतो. खिरीच्या सणाला सुक्कोतचा कोकणी अवशेष मानण्याकडे काही अभ्यासकांचा कल आहे तो यामुळेच.

दारफळणीच्या दिवशी पांढरे कपडे घालून, आंघोळ करून, घरची दारे लावून लोक उपाशी बसत आणि परक्याचा स्पर्श टाळत. दुसरा दिवस शिळ्या सणाचा. त्या दिवशी दारे उघडत, गरिबांना दानधर्म होई आणि आप्तेष्ट एकमेकांकडे जात. वर्षारंभाच्या भेटीगाठी खऱ्या अर्थाने या दिवशी होत, म्हणजे शुभेच्छेची जागा कोकणात होती, फक्त ती शिळ्या सणाला होती आणि तिच्यात हिब्रू नव्हते.

भेटीची त्यांची जुनी रीत शब्दांची नव्हती, हातांची होती. तिला हात बोशी म्हणतात. हात मराठी आणि बोशी म्हणजे फारसीतले चुंबन. इंग्रज धर्मोपदेशक जे. एच. लॉर्ड यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तिचे बारीक वर्णन आहे. उपासना संपल्यावर सिनेगॉगचा प्रमुख जवळच्या वडीलधाऱ्यांपासून सुरुवात करतो आणि मग ती साऱ्या मंडळीत पसरत जाते. प्रत्येकाने आपल्याहून मोठ्याकडे जाऊन ती घ्यायची. दोघे हात पुढे करतात, तळवे सपाट, अंगठे वर. एकाचा एक हात दुसऱ्याच्या दोन हातांमध्ये येतो. हात सुटले की दोघेही स्वतःची बोटे ओठांना लावतात आणि पुढच्या माणसाकडे वळतात. पारशांच्या हमाजोरशी आणि केरळातल्या सिरियन ख्रिस्ती मंडळींच्या शांतिचुंबनाशी तिचे साम्य उघड आहे. कोणाकडून कोणी घेतली याचा निवाडा करण्याइतका पुरावा मात्र या तिन्हींत कोणाकडेच नाही.

हिब्रू परत कशी आली, याची सुरुवात समाज डेव्हिड राहाबी या नावापाशी करतो. परंपरेने सांगितलेला हा पाहुणा कोकणात आला, तेव्हा त्याने बायकांना निरनिराळे मासे रांधायला दिले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढले, म्हणून तो ओळखून चुकला की ही माणसे यहुदी आहेत. त्याने तिघांना धर्मविधी शिकवले. झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतले काजी, म्हणजे धर्मविधी चालवणारे, त्या तिघांचे वारस मानले जात. राहाबीचा काळ परंपरा शेकडो वर्षे मागे नेते. इतिहासकारांपैकी अनेकांना तो अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्यातला वाटतो, आणि १७६८ च्या पत्राशी हे मत जास्त जुळते.

त्यानंतरचा मार्ग दंतकथेचा नाही. मुंबईच्या फौजेत अधिकारी असलेले सॅम्युएल येहेज्केल दिवेकर, मराठी नाव सामाजी हसाजी, टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर १७९६ साली मांडवी भागात समाजाचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. शाआर हराहमीम हे त्याचे नाव, बोलण्यात जुनी मशीद. तिथे पंचांगाप्रमाणे सण पाळले जाऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीनहून शिक्षक आणि हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, आले, पुढे बगदादी यहुद्यांचा शेजार मिळाला. गंमत अशी, की हिब्रूचे व्याकरण मराठीतून शिकवण्याचे मोठे काम एका स्कॉटिश मिशनऱ्याने केले : डॉ. जॉन विल्सन यांचे मराठीतले हिब्रू व्याकरण १८३२ साली निघाले. धर्मांतर हा मिशनऱ्यांचा हेतू होता. समाजाने भाषा घेतली आणि धर्म आपलाच ठेवला.

१८४६ साली मुंबईत पेसहच्या रात्री वाचायची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाली. १८७४ साली पुण्यात निघालेल्या हगादेतल्या चित्रांत नऊवारी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. या कामातला सर्वांत मोठा माणूस योसेफ येहेज्केल राजपूरकर (१८३४–१९०५). मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेचे मुख्याध्यापक, विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक. त्यांनी प्रार्थनाग्रंथांमागून प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. एका बाजूला हिब्रू आणि दुसऱ्या बाजूला मराठी असे पान हाती आल्यावर जीवनाची वही, मोहोर, न्यायाचा दिवस या कल्पना घरोघर पोहोचल्या. ‘लशाना तोवा’ला कोकणात अर्थ आला तो इथे.

शुभेच्छेबरोबर खाण्याचे विधीही आले. चौथ्या शतकातल्या बाबिलोनचे पंडित अबाय्ये यांनी वर्षारंभी भोपळा, रुबिया, कांद्याच्या जातीची पात, बीटची पाने आणि खजूर समोर असावेत असे सांगितले. सगळा खेळ नावांच्या उच्चारांचा आहे : रुबिया आणि ‘वाढो’, कार्ती, म्हणजे ती पात, आणि ‘शत्रू कापले जावोत’. रुबिया म्हणजे काय, यावर फ्रान्सचे टीकाकार राशी यांनी मेथी म्हटले. सफार्दी लोकांनी चवळी धरली, आणि तिलाच ते लुबिया म्हणतात. मध लावलेले सफरचंद ही मध्ययुगीन जर्मनीची भर. ती आता मुंबई-ठाण्याच्या घरांतही ताटात दिसते. वाहत्या पाण्यापाशी जाऊन पापे टाकून देण्याचा ‘तशलीख’ हा विधीही प्रथम नोंदवला तो महारिल यांनीच. मुंबईचे बेने इस्रायली तो समुद्राच्या काठावर करतात.

मधापेक्षा कोकणच्या घराला खरी ओढ आहे ती चिकाच्या हलव्याची. गहू भिजवून, वाटून, गाळून चीक बसू द्यायचा, वरचे पाणी काढायचे, मग नारळाचे दूध आणि साखर घालून कढईत न थांबता घोटायचे. गोळा सुटला की ताटात थापून, वर बदाम-पिस्ते पेरून वड्या पाडायच्या. नारळाचे दूध इथे चवीपुरते नाही. यहुदी आहारनियमात मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, आणि सणाला मटण असतेच, तेव्हा मटणानंतर खाता येईल असे पक्वान्न नारळानेच शक्य होते. आता वेळ वाचवायला कॉर्नफ्लोर किंवा चायना ग्रास घालतात, रंगही गुलाबी-तांबडा असतो. जुन्या हाताच्या बायका या हलव्याला हलवा म्हणत नाहीत, पण खातात.

१९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला. तिथे लोद, अश्दोद, बेर शेवा, दिमोना अशा गावांत वस्ती झाली. हिब्रू रोजच्या व्यवहाराची भाषा झाल्यावर ‘शाना तोवा’ दुकानदारही म्हणतो आणि बसचा चालकही. उत्तर ‘गाम लखा’, बाईला ‘गाम लाख’, म्हणजे तुम्हालाही. तरी सुरुवातीला तिथे रुजणे सोपे गेले नाही. यहुदीपणाबद्दलच शंका घेणारे धर्मपीठाचे आदेश निघाले, त्याविरुद्ध आंदोलन झाले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्व बाबतीत यहुदी असल्याचा ठराव केला. तिकडे निघणाऱ्या ‘मायबोली’ या मराठी नियतकालिकाने नव्या पिढीपर्यंत मराठी पोहोचवण्याचा प्रयत्न चालवला. भारतात उरलेल्यांची संख्या २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रापुरती सुमारे अडीच हजार होती, आणि २०१६ साली राज्य सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा इथल्या सिनेगॉगमध्ये तिश्रीच्या पहिल्या दिवशी शोफार, म्हणजे आज्ञेतले ते शिंग, वाजतो. १ तिश्री शनिवारी आली तर त्या दिवशी तो वाजवत नाहीत, दुसऱ्या दिवशी वाजवतात. काही ठिकाणी प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवण्यासाठी मुंबई-ठाण्याहून माणसे बोलवावी लागतात.